जुने भाग, नवी मांडणी : बुरशीच्या प्रथिनांची प्रस्तावना

नंदुरबार तालुक्यातील रनाळे आणि आसपासच्या शिवारांत कापूस, ज्वारी आणि मिरची ही ओळखीची पिके आहेत, आणि तिन्हींचे बुरशीशी जुने वैर आहे. दाणे भरताना पाऊस लांबला की कणसातली ज्वारी काळी पडते. कापसाचे हिरवेगार झाड मर लागून माना टाकते. मिरचीवर भुरी येते, फांद्या शेंड्याकडून वाळत जातात आणि पिकलेल्या फळावर खोलगट डाग पडून ते सडते. शेतातून सुटलेली मिरचीही सुरक्षित नसते. नंदुरबारच्या बाजारात विकली गेलेली ओली लाल मिरची पथारीवर वाळत असताना अवकाळी पाऊस झाला, तर बुरशी तिला तिथे गाठते. या रोगांवर मराठीत लिहिले गेले आहे ते बहुतेक रोगाचे नाव, लक्षणे आणि फवारणी या क्रमाने. ती माहिती लागतेच. पण एक प्रश्न त्यात सहसा विचारला जात नाही. जिला डोळा नाही, पाय नाहीत, तोंडही नाही, त्या बुरशीकडे जिवंत झाडाची भिंत फोडण्याची, त्याच्या पहारेकऱ्यांना चकवण्याची आणि विष तयार करण्याची साधने आली कुठून? या प्रस्तावनेचे म्हणणे असे, की ही साधने तिने सहसा नव्याने शोधलेली नाहीत. फार जुन्या आणि तुलनेने थोड्या प्रकारच्या प्रथिन-भागांच्या प्रती काढून, ते जोडून-तोडून, काही टाकून देऊन आणि क्वचित दुसऱ्या जीवाकडून उचलून तिने ती तयार केली. बुरशीचा इतिहास समजून घ्यायचा तर जातींच्या वंशावळीइतकाच या भागांच्या वंशावळीचा माग काढावा लागतो.

या भागांना शास्त्रज्ञ डोमेन म्हणतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट आकारात दुमडली की कामाला लागते. मोठी साखळी एकाच गोळ्यात दुमडत नाही. तिचे काही तुकडे आपापले स्वतंत्रपणे दुमडतात आणि प्रत्येक तुकड्याला साधारण ठरलेले काम असते. डोनाल्ड वेटलॉफर यांनी १९७३ मध्ये ही कल्पना नेमकेपणाने मांडली. बहुतेक डोमेन पन्नास ते दोनशे अमिनो आम्लांचे असतात, काही त्याहून लहान किंवा मोठे. सायरस चोथिया यांनी १९९२ मध्ये अंदाज केला, की निसर्गातली बहुसंख्य प्रथिने सुमारे हजारभर कुळांतून आलेली असावीत. आज पीफॅम या संग्रहात कुळांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आहे, कारण जवळचे नातलगही तिथे वेगळे मोजले जातात. तरीही चोथियांचा मूळ मुद्दा खोटा ठरलेला नाही: ज्ञात प्रथिने कोट्यवधी आहेत आणि त्यांच्या भागांचे प्रकार त्या मानाने फारच थोडे. जू, इसाड आणि रुमणे तेच ठेवून खाली पास बसवली की वखर होतो आणि फण बसवले की पाभर. पेशीतही अवजारे बरीचशी अशीच तयार झालेली दिसतात. फरक एवढाच, की इथे बसवणारा कोणी नाही. चुकून जुळलेल्या लाखो जोडण्या नष्ट होतात आणि कामास येणारी एखादी टिकते.

हे नुसते कल्पनेने सांगावे लागत नाही, कारण बुरशींचे जनुकसंच इतर बहुपेशीय जीवांपेक्षा आटोपशीर असतात आणि ते लवकर वाचले गेले. पाव फुगवणाऱ्या यीस्टचा जनुकसंच १९९६ मध्ये पूर्ण वाचला गेला. केंद्रक असलेल्या जीवांतला तो पहिलाच. सुमारे १.२ कोटी अक्षरे आणि ६००० च्या आसपास जनुके. पुढच्याच वर्षी केनेथ वुल्फ आणि डेनिस शील्ड्स यांनी दाखवले, की या यीस्टच्या एका पूर्वजात संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला होता. त्यानंतर बहुतेक जादा प्रती गळून गेल्या आणि उरलेल्यांपैकी काहींनी कामे वाटून घेतली. एक प्रत जुने काम सांभाळते तेव्हाच दुसरीला बदलण्याची मोकळीक मिळते, म्हणून दुप्पट होणे हा नव्या गोष्टींचा मोठा स्रोत मानला जातो. याच्या नेमके उलट उदाहरणही बुरशीतच सापडते. शिळ्या पावावर नारिंगी दिसणाऱ्या न्यूरोस्पोराच्या पेशीत लैंगिक प्रजननाच्या वेळी दुहेरी प्रती हुडकून त्यांत मुद्दाम बिघाड करणारी यंत्रणा आहे. १९८७ मध्ये ती उजेडात आली. २००३ मध्ये या बुरशीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे दहा हजार जनुके असूनही एकमेकांसारख्या जनुकांच्या जोड्या त्यात विलक्षण कमी निघाल्या. उपद्रवी प्रतींपासून बचाव करण्याची किंमत या जीवाने नवनिर्मितीचा एक रस्ता बंद करून मोजली. जुन्या भागांतून नवे घडते हे खरे, पण किती आणि कसे, हे प्रत्येक वंशाच्या स्वतःच्या अडचणी ठरवतात.

आता मिरचीकडे येऊ. फळसड आणि फांद्या वाळणे हे रोग कोलेटोट्रिकम या बुरशीच्या निरनिराळ्या जातींमुळे होतात. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. झाडांत कायटिन नसते, म्हणून त्याचे तुकडे दिसले की परका आत शिरला हे झाडाला कळते. ही ओळख पटवणारी झाडाची प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर असतात आणि कायटिनला धरणारा त्यांचा भाग म्हणजे लायसएम नावाचे चाळीस-पन्नास अमिनो आम्लांचे छोटे डोमेन. ते प्रथम जिवाणूंच्या भिंतीवर काम करणाऱ्या विकरांत ओळखले गेले. जिवाणूंच्या भिंतीतली एक साखर आणि कायटिनचा घटक एकच आहेत, त्यामुळे एका जागी घडलेली पकड दुसरीकडेही उपयोगी पडली. तूर आणि हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरतात त्याही याच डोमेनच्या आधाराने. गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंनी पाठवलेला रासायनिक निरोप कायटिनसारख्या सांगाड्याचा असतो आणि मुळाकडे तो वाचणारी प्रथिने लायसएम-धारीच असतात. म्हणजे शत्रू ओळखायला आणि मित्राला आत घ्यायला झाडाने एकच जुना भाग कामाला लावला आहे.

बुरशीनेही तेच केले. टोमॅटोच्या पानांवर वाढणाऱ्या एका बुरशीतील ईसीपी६ या प्रथिनात लायसएमची तीन डोमेन ओळीने आहेत. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील गटाने २०१० मध्ये दाखवले, की हे प्रथिन कायटिनचे सुटे तुकडे गोळा करते आणि झाडाच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचूच देत नाही. २०१३ मध्ये त्याची त्रिमितीय रचना समोर आली. तीनपैकी दोन डोमेन समोरासमोर येऊन मधल्या खाचेत कायटिनचा तुकडा दोन्ही बाजूंनी पकडतात, म्हणून त्यांची पकड झाडाच्या प्रथिनापेक्षा कितीतरी घट्ट ठरते. कोबीवर्गीय झाडांवर रोग आणणाऱ्या कोलेटोट्रिकममध्येही याच घराण्याची प्रथिने आहेत. ती झाडाची प्रतिक्रिया दाबतात आणि बुरशीला आत शिरायलाही मदत करतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. झाड आणि बुरशी यांचे वंश शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही या झटापटीत दोघांच्या हातात एकाच घडणीचे साधन आहे. बुरशीने नवे काय केले? डोमेनच्या प्रती काढल्या, पेशीबाहेर पाठवण्याची खूण जोडली आणि दोन पकडी समोरासमोर आणल्या. भाग जुने आहेत. नवी आहे ती मांडणी.

दुसरा पुरावा पथारीवरच्या मिरचीत आहे. ओलसर मिरचीत, भुईमुगात किंवा मक्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस वाढली तर ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करू शकते. त्याचा धोका दूरचा नाही. १९७४ मध्ये राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन यकृताच्या आजाराची साथ आली आणि शंभरावर माणसे दगावली. मृतांत बहुसंख्य भिल्ल होते. नंदुरबारच्या भिल्ल वस्त्यांशी भाषेने आणि नात्याने जोडलेला हा समाज. युरोपीय संघाने मिरचीसाठी अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, यावरून या विषाची मात्रा किती बारकाईने मोजावी लागते ते कळेल. हे विष बनवण्याची सुरुवात एका मोठ्या प्रथिनापासून होते. त्यात सहा डोमेन एका रांगेत आहेत: पहिले कच्चा माल घेते, दुसरे साखळी वाढवते, तिसरे नवे तुकडे पुरवते, चौथे वीस कार्बनची साखळी ठरावीक घडीत दुमडते, पाचवे ती धरून ठेवते आणि सहावे ती सोडते. यांपैकी साखळी वाढवणारे, तुकडे पुरवणारे आणि धरून ठेवणारे ही तिन्ही डोमेन आपल्या स्वतःच्या शरीरात मेदाम्ले बनवणाऱ्या प्रथिनातही आहेत. जवळपास हीच सहाची रांग कोलेटोट्रिकममध्येही सापडते, पण तिथे ती मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याची पहिली पायरी घडवते. बुरशी पानावर चिकटून टोचणी घुसवते त्या पेशीला हे मेलॅनिन भक्कम करते. भातावरच्या करप्याच्या बुरशीत अशा पेशीतील दाब सुमारे ऐंशी वातावरणांइतका मोजला गेला आहे. एका रांगेतून एकीकडे विष आणि दुसरीकडे भाला. फरक मुख्यतः साखळीची लांबी ठरवण्यात आणि ती दुमडण्यात.

याच घराण्याची एक शाखा महाराष्ट्रात बुरशीच्या विरोधात वापरली गेली. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मातीतल्या जिवाणूंपासून हॅमायसिन आणि ऑरिओफंगिन ही बुरशीनाशक प्रतिजैविके शोधली. हॅमायसिन देणाऱ्या जिवाणूच्या नावातही पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. या वर्गाची औषधे जिवाणू ज्या अजस्र प्रथिनांवर घडवतात, त्यांत साखळी वाढवणाऱ्या आणि धरणाऱ्या त्याच डोमेनच्या रांगा असतात. अफ्लाटॉक्सिनची कथा तर आपल्या यकृतात येऊन पूर्ण होते. बुरशीत या विषाला आकार देणाऱ्या अनेक पायऱ्या सायटोक्रोम पी४५० या घराण्यातील विकरे पार पाडतात, आणि माणसाच्या यकृतात त्याच घराण्याची विकरे ते निकामी करायला जातात तेव्हा त्याचे डीएनएला चिकटणारे रूप तयार होते. विषाला धार लावण्याचे शेवटचे काम आपल्याच शरीरातले दूरचे भाऊबंद करतात.

इथे पहिला आक्षेप येतो. सगळे जुनेच असेल तर फक्त बुरशीतच आढळणारी डोमेन का आहेत? आक्षेप खरा आहे. सहा सिस्टीनच्या आधाराने जस्ताचे दोन अणू धरून डीएनएला चिकटणारे एक छोटे डोमेन जवळजवळ केवळ बुरशींत आढळते. यीस्टमध्ये ते असलेली पन्नासहून अधिक प्रथिने आहेत, ॲस्परजिलसमध्ये दोनशेहून अधिक. अफ्लाटॉक्सिन बनवणाऱ्या पंचवीस-तीस जनुकांची साखळी सुरू करणारे एएफएलआर हे प्रथिन याच कुळातले. पण या उदाहरणाने मूळ म्हणणे मोडत नाही, त्याला मर्यादा घालते. हे डोमेन बुरशीच्या पूर्वजांत केव्हातरी घडले आणि त्यानंतर शेकडो वेळा त्याच्या प्रतीच निघाल्या. शोध एकदाचा, वापर अगणित वेळा. ते लहान आहे आणि धातूच्या आधाराने स्थिर राहते, म्हणून असे भाग शून्यातून घडणे मोठ्या, गुंतागुंतीच्या डोमेनपेक्षा सोपे असावे. नव्या डोमेनचा जन्म अशक्य नाही, पण तो विरळा आहे. पुनर्वापर मात्र रोजचा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. डोमेन ही माणसाने आखलेली वर्गवारी आहे, कुठे एक संपते आणि दुसरे सुरू होते हे संगणकातली उंबरठ्याची आकडेवारी ठरवते. शिवाय झाडावर हल्ला करणारी बुरशीची कित्येक छोटी प्रथिने कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाहीत, मग डोमेनचा इतिहास सांगून रोगाचा इतिहास कसा सांगता येईल? दहा-पंधरा वर्षांपूर्वी या आक्षेपाला समाधानकारक उत्तर नव्हते. आता काही प्रमाणात आहे. अनुक्रमात साम्य उरलेले नसतानाही आकारात साम्य उरू शकते. २०१५ मध्ये भातावरच्या करप्याच्या बुरशीतली काही प्रथिने आणि गव्हावरच्या एका वेगळ्या बुरशीतले विष यांची रचना तपासली तेव्हा अक्षरांत जवळपास काहीच सारखे नव्हते, तरी दुमडण एकच निघाली. २०२१ नंतर प्रथिनाचा आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डसारख्या संगणकीय साधनांनी अशा तुलना हजारोंच्या संख्येने करता येऊ लागल्या, आणि अनाथ वाटणाऱ्या कितीतरी प्रथिनांना नातलग मिळू लागले. संगणकाने सांगितलेला आकार हा प्रयोगाने सिद्ध झालेला आकार नव्हे, हे खरे. काही प्रथिनांचे भाग कधी पक्के दुमडतच नाहीत, हेही खरे. तरी पुरावा ज्या दिशेने साचतो आहे ती दिशा पुनर्वापराची आहे.

तिसरा आक्षेप असा, की भाग तेच असले तरी जीव वेगळा होतो तो ते भाग केव्हा आणि किती वापरले जातात यामुळे. जपानी सोयासॉसमध्ये वापरली जाणारी ॲस्परजिलस ओरायझी याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्याकडे अफ्लाटॉक्सिनच्या जनुकांचा जवळपास तसाच समूह आहे, पण ती विष बनवत नाही. समूहातले काही भाग बिघडले आहेत आणि उरलेले नीट चालूच होत नाहीत. हा आक्षेप पूर्ण मान्य केला पाहिजे. चालू-बंद करण्याची कळ नेमकी कुठे बसली आहे, हे डोमेन सांगत नाही. पण चालू करण्यासाठी काहीतरी हाताशी असावे लागते, आणि कुठल्या वंशाकडे काय हाताशी आहे ते डोमेनच सांगते. कोबीवर्गीय झाडांवरची आणि मक्यावरची कोलेटोट्रिकम यांचे जनुकसंच २०१२ मध्ये शेजारी ठेवून पाहिले गेले. पहिलीत पेक्टिन तोडणाऱ्या विकरांच्या प्रती कितीतरी जास्त निघाल्या, कारण द्विदल झाडांच्या भिंतीत पेक्टिन अधिक असते आणि गवतवर्गात कमी. सवयीने फरक पडतो, तसा शिदोरीनेही पडतो. टोमॅटोच्या मर रोगाच्या फ्युझॅरियमवर २०१० मध्ये झालेल्या कामात तर एक आख्खे गुणसूत्र निरुपद्रवी जातभाईत गेल्यावर तोही टोमॅटोला मारू लागला. तयार भाग एकगठ्ठा मिळाले तर उत्क्रांती फार वेगाने होते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: याचा मिरची लावणाऱ्याला उपयोग काय? थेट फवारणीचे वेळापत्रक यातून निघत नाही. पण काही निर्णयांमागचे कारण निघते. स्ट्रोबिल्युरिन गटातील बुरशीनाशक बुरशीच्या श्वसनातील एका प्रथिनाला जखडते; त्या प्रथिनातले १४३ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलले की औषध निष्प्रभ होते, आणि जगभर अनेक रोगकारक बुरशींत, कोलेटोट्रिकममध्येही, हा बदल नोंदला गेला आहे. कार्बेंडाझिमच्या बाबतीतही ट्युब्युलिन या प्रथिनातल्या एकेका बदलाची अशीच नोंद आहे. एकाच प्रथिनाच्या एकाच खाचेवर वर्षानुवर्षे तेच औषध मारत राहणे म्हणजे तो बदल निवडून वाढवणे. म्हणून गट बदलत फवारण्याचा सल्ला सवयीचा भाग नसून पुराव्याचा आहे. दुसरी गोष्ट ओळखीची. बाजरीवरचा गोसावी, द्राक्षावरचा केवडा, रोपवाटिकेत रोपे कोलमडवणारे पिथियम हे बुरशीसारखे दिसतात, पण त्यांच्या भित्तिकेत सेल्युलोज आहे आणि त्यांची वंशशाखा शेवाळांच्या जवळची आहे. काही विकरे त्यांनी खऱ्या बुरशींकडून उचललेली आहेत, इतकेच. म्हणूनच मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालते आणि भुरीवर चालत नाही. तिसरी गोष्ट जैविक उपायांची. शेतकरी मातीत मिसळतात ते ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीची भित्तिका तोडते ती कायटिनेज आणि ग्लुकानेज या जुन्याच कुळांतल्या विकरांनी, आणि तिच्या एका जातीत सेल्युलोजला घट्ट धरणारे छत्तीस-एक अमिनो आम्लांचे डोमेन विकराला दोरीने बांधल्यासारखे जोडलेले असते. एकाच घराण्यातली साधने कधी पिकाच्या बाजूने, कधी विरुद्ध वापरली जातात.

या अभ्यासाला लागणारी साधने महाराष्ट्रात आहेत. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स म्हणून सुरू झालेली आणि आज शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे नाव धारण करणारी संशोधन संस्था राष्ट्रीय बुरशी संग्रह सांभाळते. हजारो बुरशी तिथे जिवंत ठेवलेल्या आहेत. खानदेशात मर रोगाला टिकणारे कापसाचे वाण शोधण्याची परंपरा जुनी आहे. पूर्वी ही निवड शेतात झाड उभे राहते की वाळते एवढ्यावर होत असे, आणि तिने भरपूर काही साधले. आज तीच निवड एक पाऊल खोल नेता येते: रनाळ्याच्या मिरचीवर कोणती कोलेटोट्रिकम आहे, तिच्याकडे लायसएमच्या किती प्रती आहेत, औषधाच्या खाचेत कोणते अक्षर आहे, हे एका नमुन्यावरून वाचता येते. हे वाचन स्थानिकच असायला हवे, कारण भागांची कुळे जगभर एक असली तरी त्यांची मांडणी शिवारागणिक वेगळी असू शकते. पुढची प्रकरणे त्या कुळांची ओळख करून देतील. वाचकाने प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत: हा भाग आधी कुठे होता, तो कुणाशी जोडला गेला, आणि या जोडणीला टिकवणारा दाब कोणता होता. हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली तर नव्या रोगाची बातमी आली तेव्हा पहिला विचार नव्या औषधाचा येणार नाही. या बुरशीकडे आधीपासून काय होते आणि आपण शेतात काय केल्याने तिला त्याचा उपयोग झाला, हा येईल.